वेदनाशमन सेवा आणि वैद्यकीय इच्छापत्र : शासनाकडे मागणी कशी मांडावी व तडीस कशी न्यावी

बरा न होणारा कर्करोग, निकामी होत गेलेली मूत्रपिंडे, अंथरुणाला खिळवणारा पक्षाघात किंवा वाढत जाणारा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला अखेरच्या काळात दोन गोष्टी हव्या असतात. दुखणे, दम लागणे, मळमळ, जखमेची दुर्गंधी आणि मनातली भीती यांवर घराजवळ उपचार मिळावेत, ही पहिली. स्वतःला बोलता येणार नाही अशी वेळ आल्यास कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, याविषयीचे आपले म्हणणे डॉक्टरांनी व घरच्यांनी मानावे, ही दुसरी.

शासनाने या दोन्ही गोष्टी कागदावर मान्य केल्या आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदनाशमन व आधारसेवेचे, धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी केंद्राचा या सेवेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या सेवेचा उल्लेख आहे, आणि गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यावयाच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची देखभाल व पॅलिएटिव्ह केअर यांचा समावेश आहे. सन्मानाने मरण येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सांगितले आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे उपचारांविषयीचे आपले म्हणणे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. म्हणून शासनाकडे जाताना आपण नवा हक्क मागत नसतो. मान्य झालेल्या हक्काला अधिकारी, औषध आणि निधी मिळवून देण्यासाठी जात असतो. निवेदनाची भाषा, ते कोणाकडे द्यायचे आणि बैठकीत काय बोलायचे, हे सारे यावरून ठरते.

दोन्ही मागण्या एकत्र मांडाव्यात

काही संस्था केवळ इच्छापत्राचा विषय घेतात, तर काही केवळ वेदनाशमन सेवेचा. माझ्या मते ही फारकत दोन्ही बाजूंनी घातक आहे. ‘मला व्हेंटिलेटर नको’ असे लिहून ठेवलेला माणूस अतिदक्षता विभागातून घरी आला आणि घरी त्याच्या वेदनेवर औषधच नसेल, तर त्याच्या इच्छेचा मान राखला गेला असे कसे म्हणता येईल? उलट, वेदनाशमनाची सोय आहे पण रुग्णाचे म्हणणे कोणी विचारलेले नाही, अशा घरात अखेरच्या आठवड्यात गोंधळ होतो, कर्ज काढून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवले जाते आणि ज्याला घरी राहायचे होते तो यंत्रांच्या गराड्यात जातो.

दोन्ही मागण्या सोबत ठेवण्याला व्यवहारातले कारणही आहे. केवळ इच्छापत्राचा विषय काढला की समोरच्या अधिकाऱ्याच्या मनात दयामरणाचा विचार येतो आणि तो सावध होतो. अरुणा शानबाग यांचे प्रकरण महाराष्ट्रात सर्वांना आठवते. १९७३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतन अवस्थेत गेल्या, ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबतची याचिका फेटाळताना निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवण्याची, चौकट घालून दिली, आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे की, औषध देऊन जीवन संपवणे भारतात बेकायदेशीर आहे आणि आपली तशी मागणी नाही. आजार बरा होण्याची आशा उरलेली नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार नाकारण्याचा, आणि त्याच वेळी वेदनेवर पूर्ण उपचार मिळण्याचा हक्क आपण मागत आहोत. हे वाक्य लेखी निवेदनातही पहिल्या परिच्छेदात असावे.

आधी आपल्या जिल्ह्याची स्थिती जाणून घ्यावी

‘सेवा उपलब्ध नाही’ असे मोघम वाक्य लिहिलेल्या निवेदनावर ‘सेवा उपलब्ध आहे’ असे तितकेच मोघम उत्तर येते. म्हणून मागणी करण्यापूर्वी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क माफ आहे. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास प्रथम अपील करता येते.

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला विचारावे की, जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरसाठी किती खाटा राखलेल्या आहेत, त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका किती आहेत, गेल्या आर्थिक वर्षात किती रुग्णांना घरी जाऊन सेवा दिली गेली, आणि या कार्यक्रमासाठी मिळालेल्या निधीपैकी किती खर्च झाला. अन्न व औषध प्रशासनाला वेगळ्या अर्जाने विचारावे की, जिल्ह्यात मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचे औषध) ठेवण्याची मान्यता असलेल्या वैद्यकीय संस्था कोणत्या. महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीला तिसऱ्या अर्जाने विचारावे की, वैद्यकीय इच्छापत्रांचा अभिरक्षक, म्हणजे त्यांच्या प्रती जपून ठेवणारा, म्हणून कोणत्या पदावरील अधिकाऱ्याला नेमले आहे, त्याच्याकडे नोंदवही आहे का आणि आजवर किती इच्छापत्रे जमा झाली आहेत.

उत्तर ‘निरंक’ आले तरी तो कागद मोलाचा असतो. ‘आपल्याच कार्यालयाच्या अमुक दिनांकाच्या पत्रानुसार जिल्ह्यात ही सेवा सुरू झालेली नाही’ असे वाक्य निवेदनात आले की, त्याला उडवून लावणे कठीण होते.

मॉर्फिन : हा एकच मुद्दा निवडायचा असेल तर हा निवडावा

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे आणि ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. ज्या अफूपासून ते बनते तिची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, आणि नीमच व गाझीपूर येथे शासनाचे अफू प्रक्रिया कारखाने आहेत. देशात कच्चा माल असताना आपल्याकडचा रुग्ण वेदनेने तळमळतो, याचे मोठे कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बसवलेली भीती हे आहे. पूर्वी हे औषध ठेवायचे तर अनेक खात्यांचे परवाने लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे, म्हणून रुग्णालयांनी तो नादच सोडला.

२०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१५ मध्ये नवे नियम आले. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारखी सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच मान्यता घेऊन ती ठेवता येतात. कायद्यातला अडथळा बहुतांशी दूर झाला असला तरी ही दुरुस्ती अनेक डॉक्टरांपर्यंत आणि औषध भांडारांपर्यंत पोचलेली नाही, आणि नेमके हेच अंतर पाठपुराव्याने कमी करता येते.

म्हणून मागणी अशी असावी : जिल्हा रुग्णालयाने व किमान प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाने अन्न व औषध प्रशासनाकडून ही मान्यता घ्यावी, त्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या दोन डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी पाठवावे, आणि मॉर्फिनच्या गोळ्यांची वार्षिक मागणी औषध खरेदीच्या यादीत नोंदवावी. दोन डॉक्टरांचा आग्रह अशासाठी की, एकाची बदली झाली तर प्रशिक्षित डॉक्टर उरत नाही आणि मान्यता निरुपयोगी होते. प्रशिक्षणाची सोय राज्यातच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते, आणि पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे पॅलिएटिव्ह केअर व प्रशिक्षण केंद्र १९९७ पासून चालते. ‘प्रशिक्षण कुठे घ्यायचे’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो, म्हणून या संस्थांची अभ्यासक्रमाची माहिती सोबत न्यावी.

इच्छापत्र : कार्यालयांकडून नेमके काय हवे आहे

२०१८ च्या निकालातील पद्धत इतकी अवघड होती की ती वापरणे जवळजवळ अशक्य झाले. इच्छापत्रावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्ध मनःस्थितीतील व्यक्तीने लेखी इच्छापत्र करावे, त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक वा अधिक नातलगांची अथवा कायदेशीर पालकांची नावे द्यावीत, दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे. त्याची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे जाते. इच्छापत्र केव्हाही लेखी स्वरूपात बदलता किंवा रद्द करता येते.

रुग्ण बरा होण्याची आशा उरली नसेल आणि तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तेव्हाच इच्छापत्र लागू होते. त्या वेळी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन अनुभवी तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते. नंतर दुय्यम मंडळ त्याची पडताळणी करते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर असावाच लागतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा, असे न्यायालयाने म्हटले आहे. इच्छापत्र केलेले नसेल तरीही जवळच्या नातलगांच्या संमतीने याच मंडळांमार्फत निर्णय होऊ शकतो, हेही लोकांना व अधिकाऱ्यांना सांगितले पाहिजे.

या साखळीत दोन दुवे शासनाच्या हाती आहेत, आणि पाठपुरावा त्यांचाच करायचा. पहिला दुवा अभिरक्षकाचा. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी अभिरक्षक नेमले जात नसल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर २०२४ मध्ये राज्यात अभिरक्षकांच्या नेमणुका झाल्या. याच उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये आपले इच्छापत्र नोंदवले आणि गोव्यात असे करणारे ते पहिले ठरले. नेमणूक झाली असली तरी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ती ठाऊक असतेच असे नाही. म्हणून स्थानिक संस्थेकडे मागावे ते असे : अभिरक्षकाचे पद, कार्यालय व वेळ यांचा दर्शनी फलक, अर्ज स्वीकारल्याची पोच, गोपनीय नोंदवही, आणि रुग्णालयाने विचारल्यास तातडीने पडताळणी करण्याची सोय. राज्य शासनाकडे याहून पुढची मागणी करता येईल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ही सेवा अधिसूचित झाली, तर ती किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची, हे ठरून जाईल आणि ती न मिळाल्यास अपिलाचा मार्ग खुला होईल. या मागणीवर ज्येष्ठ नागरिक संघांनी जोर लावावा असे मला मनापासून वाटते.

दुसरा दुवा दुय्यम मंडळाचा. न्यायालयाने ‘जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी’ असे म्हटले आहे, आणि महाराष्ट्रात तर जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महापालिकेचे आरोग्य अधिकारी अशी वेगवेगळी पदे आहेत. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना, आणि तेही शनिवारी रात्री, हे नामनिर्देशन कोणी करायचे याचा शोध घेण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊ नये. सार्वजनिक आरोग्य विभागाकडे लेखी स्पष्टीकरण मागावे आणि प्रत्येक जिल्ह्यात अशा डॉक्टरांची नामिका (नावांची यादी) आधीच तयार ठेवण्याची विनंती करावी. कर्नाटकने ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने दुय्यम मंडळावरील नेमणुकीची पद्धत ठरवून दिली आहे; ते परिपत्रक निवेदनाला जोडावे. दुसऱ्या राज्याचा तयार नमुना समोर असला की मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहिणे सोपे जाते.

कोणत्या दारी केव्हा जावे

प्रत्येक कार्यालयाकडे त्याच्या अधिकारातलीच गोष्ट मागावी, कारण अधिकाराबाहेरची मागणी केली की निवेदन ‘पुढील कार्यवाहीस्तव’ दुसऱ्या कार्यालयात जाते आणि तिथेच राहते.

गावात सुरुवात ग्रामसभेपासून करावी. २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा सुरू होते. त्या वेळी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी वॉटर बेड, व्हीलचेअर व जखमेच्या पट्ट्यांचे साहित्य यांची तरतूद मागावी आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. आशा स्वयंसेविका व समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडून अशा रुग्णांची यादी व्हावी, ही मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते. केरळचा अनुभव इथे शिकण्याजोगा आहे. तिथे १९९३ मध्ये कोळिकोड वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचा दवाखाना सुरू झाला, पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी शेजारधर्म म्हणून रुग्णांची घरे गाठली, आणि २००८ मध्ये राज्याने धोरण केले; आज तेथील स्थानिक संस्था घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांचा खर्च उचलतात. धोरणापूर्वीची ती पंधरा वर्षे लोकांनी काम उभे करण्यात घालवली होती, म्हणून धोरण कागदावर राहिले नाही.

जिल्ह्यात निधीचा प्रश्न येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र व राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात, आणि त्यातला पैसा जिल्ह्याने आराखड्यात मागितला तरच येतो. हा आराखडा अलीकडे दोन वर्षांसाठी एकदम होतो, म्हणजे एक संधी हुकली तर बराच काळ थांबावे लागते. आराखड्याचे काम केव्हा सुरू होणार, हे जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकांना आधीच विचारून ठेवावे. जिल्हा परिषदेचा स्वनिधी आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती हे निधीचे आणखी दोन मार्ग आहेत.

विधिमंडळापर्यंत जायचे असल्यास आमदारांना अधिवेशनाच्या पुरेसे आधी भेटावे, कारण तारांकित प्रश्नाची (ज्याचे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना ठरावीक मुदतीत द्यावी लागते. आयता प्रश्न लिहून द्यावा, त्याला माहितीच्या अधिकारातील उत्तर जोडावे, आणि तो दोन्ही बाजूंच्या सदस्यांना द्यावा. मरणासन्न माणसाची वेदना हा पक्षाचा विषय होऊ देऊ नये. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. खासदारांकडे कायद्याची मागणी करावी, कारण न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे संसद कायदा करीपर्यंतची आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याविषयीचा मसुदा सप्टेंबर २०२४ मध्ये हरकती व सूचनांसाठी खुला केला होता. असे मसुदे येतात तेव्हा मुदतीत लेखी सूचना पाठवाव्यात. आचारसंहितेच्या काळात निर्णय होत नाहीत. तो काळ उमेदवारांकडून लेखी आश्वासन घेण्यासाठी वापरावा.

निवेदन कसे लिहावे

निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात मागण्या तीनच असाव्यात. विषयाच्या ओळीत जिल्ह्याचे नाव, सेवा आणि अपेक्षित कृती यावी. जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवायच्या पत्राचा मजकूर साधारण असा होईल :

‘महोदय, राज्याच्या २०१२ च्या पॅलिएटिव्ह केअर धोरणानुसार व राष्ट्रीय कार्यक्रमानुसार आपल्या जिल्ह्यातील दीर्घ व असाध्य आजाराच्या रुग्णांना वेदनाशमन सेवा मिळणे अपेक्षित आहे. आपल्या कार्यालयाच्या सोबत जोडलेल्या पत्रानुसार जिल्हा रुग्णालयात सध्या मॉर्फिन उपलब्ध नाही. तरी, मॉर्फिन ठेवण्याच्या मान्यतेसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे प्रस्ताव पाठवावा, दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षणासाठी नामनिर्देशित करावे, आणि वैद्यकीय इच्छापत्रांबाबतच्या दुय्यम मंडळासाठी डॉक्टरांची नामिका जाहीर करावी, ही विनंती. जीवन संपवण्यासाठी औषध देण्याशी या मागणीचा काहीही संबंध नाही. केलेल्या कार्यवाहीची माहिती ३० दिवसांत कळवावी.’

रुग्णाचा अनुभव जोडायचा असल्यास त्याची किंवा घरच्यांची लेखी संमती घ्यावी आणि नाव, गाव, रुग्णालय गाळावे. रुग्णाचे छायाचित्र मुळीच लावू नये. ज्याच्या सन्मानासाठी आपण हे करतो, त्याची असहायता कागदोपत्री मिरवणे योग्य नाही.

बैठकीला तिघांनी जावे : एक डॉक्टर किंवा परिचारिका, एक ज्येष्ठ नागरिक आणि घरातल्या रुग्णाची अखेरपर्यंत शुश्रूषा केलेली एक व्यक्ती. या तिसऱ्या व्यक्तीला आधी बोलू द्यावे. तिने पाच मिनिटे सांगितलेले अधिकाऱ्याच्या लक्षात राहते आणि आकडेवारी त्यानंतर ऐकली जाते. ‘पैसा नाही’ असे उत्तर आले, तर मॉर्फिनची मान्यता, अभिरक्षकाचा फलक आणि डॉक्टरांची नामिका यांना फारसा खर्च नाही, हे दाखवून द्यावे. ‘हॉस्पिस (अखेरच्या काळातील रुग्णांचे सेवागृह) बांधायला जागा नाही’ असे उत्तर आले, तर आपण इमारतीपासून सुरुवात करत नाही हे सांगावे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून सुरू असलेल्या शांती अवेदना सदनासारख्या संस्थांची गरज आहेच, तरी बहुतेक रुग्णांना घरी राहायचे असते आणि घरी जाणारी परिचारिका लवकर मिळू शकते.

पाठपुरावा

निवेदन देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घ्यावा. बैठक झाल्यावर दोन दिवसांत ‘आपण पुढील मुद्दे मान्य केले’ असे पत्र पाठवावे, म्हणजे तोंडी आश्वासनाला लेखी आधार मिळतो. महिनाभरात उत्तर न आल्यास ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी किंवा आपल्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, एवढाच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावा. हा शेवटचा उपाय बहुधा नस्ती (फाइल) हलवतो.

शासन निर्णय किंवा कार्यालयीन आदेश निघाला की त्याचे अभिनंदन करणारे पत्र द्यावे आणि त्याच आठवड्यात एखाद्या रुग्णाला चिठ्ठी घेऊन औषध भांडारावर पाठवावे, तसेच आपल्यापैकी कोणीतरी स्वतःचे इच्छापत्र घेऊन अभिरक्षकाकडे जावे. जिथे अडेल ते ठिकाण लिहून काढावे आणि पुढच्या निवेदनात तेच मांडावे. अधिकाऱ्याची बदली झाल्यास नव्या अधिकाऱ्याला पहिल्या पंधरवड्यात भेटून सर्व पत्रव्यवहाराची तारीखवार नस्ती द्यावी. ती नस्ती गटातील किमान दोघांकडे असावी आणि तिच्या पहिल्या पानावर काय मागितले, काय मंजूर झाले व काय बाकी आहे, याचा तक्ता ठेवावा.